विमान कोणाचे आणि वाट कोणती, हे पैसे घेण्याआधी सांगा!

साथी हो,

पगार, पेन्शन, रिक्त जागा आणि खाजगीकरण या प्रश्नांवर आपण या पानांतून नेहमी बोलतो. या वेळी आम्ही जरा वेगळा वाटेल असा विषय घेतला आहे. सुट्टीच्या सहलीसाठी भाड्याने ठरवलेले विमान, ज्याला चार्टर म्हणतात, त्याचा हा विषय आहे. "कामगारांच्या मासिकात विमानाच्या गोष्टी कशाला, ते साहेब लोकांचे काम," असे काही जण म्हणतील. त्यांनी भिलाई, चरोदा, दुर्ग, रायपूर येथील रेल्वे कॉलन्यांतून आणि टपाल कार्यालयांच्या आवारांतून एक फेरी मारावी. एल.टी.सी.च्या सवलतीमुळे आज ट्रॅकमनचे कुटुंब अंदमान पाहून येते, पोस्टमनची म्हातारी आई श्रीनगरला विमानातून उतरते. हा हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. आपल्या खात्यांतल्या ग्रामीण डाक सेवकांना तर तो अजून मिळालेलाही नाही आणि तो लढा चालूच आहे. पण जिथे कामगाराचा हक्क आला तिथे त्यावर डोळा ठेवणारा दलालही आला.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्याशेजारी एक रंगीत पत्रक चिकटवलेले दिसले. समुद्र, नारळाची झाडे आणि मोठ्या अक्षरांत "खास चार्टर विमानाने अंदमान, सहकुटुंब". खाली रक्कम, हप्त्याची सोय आणि एजंटाचा फोन. विमान कोणत्या कंपनीचे, कोणत्या जातीचे, कुठून उडणार, वाटेत कुठे थांबणार, याचा एक शब्द नाही. आम्ही विचारले. विमान कोणाचे? "मोठ्या कंपनीचे." कोणते? "चांगले मोठे आहे, काळजी करू नका." रायपूरहून थेट जाणार की कोलकात्याहून? "ते ऐनवेळी कळेल." परतीला तेच विमान का? "तेही ऐनवेळी कळेल." पैसे मात्र ऐनवेळी चालणार नव्हते. अर्धी रक्कम त्याच आठवड्यात हवी होती.

हे "ऐनवेळी कळेल" आम्हाला मान्य नाही. या लेखात आम्हाला एवढेच म्हणायचे आहे.

आपले काम कसे चालते ते आठवा. मुंबईहून हावड्याला जाणारी गीतांजली १२८५९ आणि परतीची १२८६०. नागपूर, गोंदिया, दुर्ग, रायपूर, बिलासपूर, कुठे किती वाजता येणार हे पोरासोरांना पाठ. प्रत्येक इंजिनावर नंबर रंगवलेला असतो. प्रत्येक डब्याच्या टोकाच्या भिंतीवर पी.ओ.एच. कोणत्या कारखान्यात झाले आणि डबा पुन्हा केव्हा न्यायचा ती तारीख लिहिलेली असते, म्हणजे फलाटावर उभा असलेला कोणीही वाचू शकतो. गाडी सुटण्याआधी ब्रेक पॉवर सर्टिफिकेट लागते, वाटेतल्या वेगमर्यादेसाठी कॉशन ऑर्डर लागते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आख्खा डबा किंवा गाडी ठरवायची असेल तर ती रेल्वेची चार्टरच की. त्यासाठी निघण्याचे ठिकाण, थांबे, तारखा, परतीचा मार्ग, सगळे आधी लेखी द्यावे लागते आणि लेखी मिळते. "डबा कोणत्या गाडीला लागेल ते ऐनवेळी कळेल" असे सांगून आपल्या कोणा स्टेशन मास्तरने पैसे घेतले असते, तर संध्याकाळपर्यंत त्याला निलंबनाचा कागद मिळाला असता.

टपालवाल्या साथींनी आपल्याकडे पाहावे. साध्या स्पीड पोस्टच्या पाकिटावर तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. ते कोणत्या कार्यालयातून निघाले, कोणत्या आर.एम.एस.मध्ये पिशवीत गेले, कुठे उघडले, हे पाठवणाऱ्याला घरबसल्या दिसते. कागदाच्या पाकिटाला जो मान आहे तो माणसाला नको का? ज्याने आयुष्याची बचत भरली, बायको-मुले बरोबर घेतली, त्याला आपण कशात बसणार आणि कोणत्या वाटेने जाणार हे ठाऊक नसावे?

आता विरोधी पक्षाचे म्हणणे पाहू. एजंट म्हणतात, "विमान बदलू शकते, तांत्रिक अडचण येऊ शकते, मग आधी कसे सांगणार?" बदलू शकते, हे आम्हालाही मान्य आहे. इंजिन फेल झाले तर आपणही दुसरे लावतो. पण लावलेल्या इंजिनाचाही नंबर असतो आणि तो लपवला जात नाही. आज जे ठरले आहे ते आज सांगा, उद्या बदलले तर उद्या सांगा. ज्याला बदल मान्य नाही त्याचे पैसे परत करा. यात अवघड काय आहे? आणि आज काहीच ठरलेले नसेल, तर मग पैसे कशाचे घेता? ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार आहे.

आपल्यातलेही काही म्हणतात, "विमानाचा नंबर कळून काय करायचे? आपल्याला जाण्याशी मतलब." हे बोलणे भोळे आहे आणि महागातही पडते. महागात कसे पडते ते सांगतो.

जर्मन सहलवाल्यांचे उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाता येथून सुट्टी संपवून परतणाऱ्या, बहुतेक जर्मन, प्रवाशांना घेऊन बर्गेनएअर या तुर्की कंपनीचे विमान उडाले. ठरलेले बोइंग ७६७ नादुरुस्त झाले म्हणून ऐनवेळी बोइंग ७५७ लावले होते. हे विमान त्याआधी बरेच दिवस जमिनीवर उभे होते. वेग मोजणारी नळी बंद झाल्याने वैमानिकांना चुकीचा वेग दिसत राहिला आणि विमान समुद्रात पडले. १८९ माणसे गेली, एकही वाचला नाही.

दुसरे उदाहरण ३ जानेवारी २००४ चे. इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखहून निघालेले फ्लॅश एअरलाइन्सचे बोइंग ७३७ हे चार्टर विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत तांबड्या समुद्रात कोसळले. १४८ मृत्यू. त्यांतले बहुतेक फ्रेंच कुटुंबांतले, नाताळची सुट्टी संपवून घरी निघालेले. त्यानंतर लोकांपुढे आले की याच कंपनीला स्वित्झर्लंडने २००२ सालीच आपल्या विमानतळांवर बंदी घातली होती. एका देशाच्या सरकारला जे ठाऊक होते ते शेजारच्या देशातल्या तिकीट काढणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते.

नंबर कळला असता तर हे अपघात टळले असते, असे आम्ही म्हणत नाही. यंत्र बिघडते ते नंबर पाहून नव्हे. आमचे म्हणणे असे की जिथे नाव उघड असते तिथे नाव जाण्याची भीती असते, आणि जिथे भीती असते तिथे देखभालीवर पैसा खर्च होतो. अंधारात चालणाऱ्या धंद्यात पहिली काटछाट देखभालीवरच होते. कॅरेज-वॅगनच्या साथींना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

युरोपने त्यातून धडा घेतला. डिसेंबर २००५ मध्ये युरोपीय संघाने नियम केला की तिकीट कोणीही विको, प्रत्यक्ष विमान कोणती कंपनी चालवणार हे आरक्षण करतानाच प्रवाशाला सांगितले पाहिजे आणि कंपनी बदलली तर ताबडतोब कळवले पाहिजे. शिवाय असुरक्षित कंपन्यांची यादी २००६ पासून सर्वांसाठी खुली केली. हा नियम चार्टरलाही लागू आहे.

आता आपल्या मराठी मुलखाच्या शेजारी, गोव्यात या. दाबोळीच्या विमानतळावर १९८५ साली जर्मनीच्या काँडोर कंपनीचे पहिले चार्टर उतरले. तेव्हापासून दर हिवाळ्यात युरोप आणि रशियातून अशी विमाने येत राहिली. कोकणातली, बेळगाव-कारवारकडची कितीतरी पोरे त्या पर्यटकांच्या हॉटेलांत राबली. त्या इंग्रज पर्यटकाच्या खिशात काय असते? त्याच्या देशात सहल विकणाऱ्याला सरकारी विमान खात्याचा परवाना घ्यावा लागतो आणि प्रवाशाला संरक्षणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी लंडनची थॉमस कुक कंपनी बुडाली. तिच्या नावाशी साधर्म्य असलेली भारतातली कंपनी वेगळी आहे आणि तिचा याच्याशी संबंध नव्हता. त्या दिवशी जगभर अडकलेल्या दीड लाखांवर ब्रिटिश प्रवाशांना त्यांच्या सरकारने विमाने पाठवून घरी आणले. मँचेस्टर आणि लंडनहून गोव्याला येणारी त्या कंपनीची विमाने थांबली. गोव्यातल्या टॅक्सीवाल्याचा आणि वेटरचा हंगाम मारला गेला, त्याला मात्र कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. त्याच धावपट्टीवर उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला सगळे लेखी मिळते. आपल्या कामगाराला नारळाच्या झाडाचे चित्र मिळते.

वाट ठाऊक नसणे किती महाग पडते हे डिसेंबर २०२३ मध्ये देशाने पाहिले. रोमानियाच्या लेजंड एअरलाइन्सचे एअरबस ए-३४० चार्टर विमान संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा येथून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला निघाले. आत ३०३ भारतीय होते. २१ डिसेंबरला ते फ्रान्समधल्या वात्री या लहानशा विमानतळावर इंधन भरायला उतरले आणि मानवी तस्करीच्या संशयावरून तिथेच रोखले गेले. प्रवाशांनी चार दिवस विमानतळाच्या इमारतीत काढले. न्यायाधीशही तिथेच येऊन बसले. अखेर २६ डिसेंबरला पहाटे २७६ जण मुंबईत परतले. ते सगळे सहलीला निघाले नव्हते हे उघड आहे. पण एजंटाच्या शब्दावर कर्ज काढून विमानात चढलेला माणूस आणि पत्रक पाहून हप्ता भरणारा आपला माणूस यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. वाट कोणती, हे दोघांनाही दुसराच कोणी ठरवून देतो.

नियमित विमानसेवेतही हा प्रश्न आहे. इंडिगोने २०२३ मध्ये तुर्की एअरलाइन्सची बोइंग ७७७ विमाने वैमानिकांसह भाड्याने घेऊन दिल्ली-इस्तंबूल मार्गावर लावली. २०२५ च्या मे महिन्यात त्यावर वाद झाला, तेव्हा तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या देशाच्या कंपनीचे असते हे पुष्कळांना प्रथमच कळले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान पडले आणि २६० जीव गेले. ते नियमित विमान होते, चार्टर नव्हते, आणि त्याच्या कारणांबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. पण त्याच दिवशी साऱ्या देशाला त्या विमानाची जात, वय आणि नोंदणी अक्षरे कळली. आमचा प्रश्न एवढाच आहे : अपघातानंतर दोन तासांत जे सांगता येते, ते पैसे घेण्याआधी का सांगता येत नाही?

जिवाचा प्रश्न झाला. आता खिशाचा पाहू.

रेल्वे कर्मचाऱ्याला २०१७ पासून चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा अखिल भारतीय एल.टी.सी. घेता येते, पण त्यासाठी त्या वर्षाचे प्रिव्हिलेज पास सोडावे लागतात. म्हणजे सहल फसली तर पासही गेला आणि पैसेही गेले. अंदमान, ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरसाठी जी खास सवलत मुदतवाढ मिळत चालू आहे, तिच्यात एरवी विमानाचा हक्क नसलेल्या कर्मचाऱ्याला ठराविक विमानतळांपासूनच भाडे मिळते. अंदमानला जायचे तर कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणमहून, आणि तिथपर्यंत आपल्या दर्जाप्रमाणे रेल्वेने. म्हणून विमान रायपूरहून उडणार की कोलकात्याहून, हा प्रश्न हौसेचा नाही, बिल पास होणार की कापले जाणार याचा आहे. त्यात २०२१ च्या अखेरीस, एअर इंडिया टाटांकडे जाण्याच्या सुमारास, सरकारने आदेश काढला की सरकारी खर्चाची विमान तिकिटे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आय.आर.सी.टी.सी. या तीनच एजंटांकडून घ्यावीत. मग गल्लीतल्या एजंटाच्या चार्टरची पावती लेखा विभागात कोणत्या तोंडाने द्यायची? पॅकेजमध्ये भाडे, हॉटेल आणि जेवण यांची एकच रक्कम असेल तर त्यातले भाडे किती, हे कोण सांगणार?

अग्रिम घेतले असेल तर परतल्यावर एका महिन्यात बिल द्यावे लागते. बिल नामंजूर झाले तर अग्रिम दंडव्याजासह पगारातून कापले जाते. आणि एजंटाने "बिल आम्ही जमवून देतो" म्हणत फुगवलेले तिकीट दिले, तर नोकरीवरच गदा येते. बोगस एल.टी.सी. बिलांच्या प्रकरणात २०१४ मध्ये सी.बी.आय.ने खासदारांवरही गुन्हे नोंदवले होते. खासदाराला वकील मिळतो. ट्रॅकमनला आरोपपत्र मिळते आणि एजंट तोवर दुकान बदलून मोकळा होतो.

म्हणून साथी हो, पैसे देण्याआधी पुढील प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर, सही-शिक्क्यासह घ्या :

१. तिकीट कोणीही विकले तरी विमान प्रत्यक्ष कोणती कंपनी चालवणार? तिचा परवाना नियमित सेवेचा की अनियमित सेवेचा? परवानाधारकांच्या याद्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालय प्रसिद्ध करते. नाव तिथे आहे का ते पाहा.

२. विमान कोणत्या जातीचे, किती आसनांचे? भारतीय नोंदणीच्या विमानावर 'व्ही.टी.' या अक्षरांनी सुरू होणारे चिन्ह असते, आपल्या इंजिनाच्या नंबरासारखे. ठरले असेल तर ते विचारा.

३. पूर्ण मार्ग कोणता? इंधनासाठी किंवा प्रवासी घेण्यासाठी कुठे उतरणार? विमान कुठे बदलावे लागणार? परतीचा मार्ग आणि उड्डाण क्रमांक कोणता?

४. विमान, कंपनी, मार्ग किंवा तारीख बदलली तर केव्हा कळवणार, आणि बदल नको असेल तर पूर्ण पैसे किती दिवसांत परत करणार?

५. एकूण रकमेत विमानभाडे किती, ते वेगळे लिहून देणार का? बोर्डिंग पास मिळणार का? तो जपून ठेवा. बिलाला तो पुराव्यासारखा उपयोगी पडतो.

उड्डाण क्रमांक मिळाला तर घरातल्या पोराला मोबाइलवर पाहायला सांगा. गाडी कुठे पोचली हे जसे दिसते तसे विमान कोणते, कोणत्या वाटेने गेले, हेही दिसते. तोच क्रमांक आधीच्या आठवड्यांत उडाला असेल तर तेव्हा कोणते विमान होते तेही कळते. मात्र चार्टरचा क्रमांक पुष्कळदा आधी दिसतच नाही. आणि मुख्य म्हणजे, प्रवाशाचा हक्क त्याच्या पोराच्या हुशारीवर सोडून चालणार नाही. सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेची माहिती मिळणे हा हक्क मानला आहे. तक्रार आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे करता येते. भिलाईच्या माणसाने एजंटाच्या गावी खेटे घालायचे कारण नाही, दुर्गला दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पण एकेकट्याने विचारले की एजंट हसून टाळतो. म्हणून आमच्या मागण्या संघटनेच्या आहेत. पहिली : प्रत्यक्ष विमान चालवणारी कंपनी, विमानाची जात आणि मार्ग पैसे घेण्याआधी लेखी सांगणे चार्टरसह प्रत्येक विक्रेत्यावर बंधनकारक करा. विमानांचा १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. कायदा नवा, मग प्रवाशाला वागवण्याची रीत जुनी कशाला? दुसरी : आय.आर.सी.टी.सी.सारख्या सरकारी कंपन्यांनी आपल्या विमान-सहलींत ही पद्धत आपणहून सुरू करावी आणि भाडे वेगळे दाखवावे. तिसरी : ही माहिती नसलेले कोणतेही सहल-पत्रक रेल्वे आणि टपाल खात्याच्या आवारात लावू देऊ नये, आणि विभागीय व मंडल कार्यालयांत एल.टी.सी.चे चालू आदेश मराठी-हिंदीत फळ्यावर लावावेत. शाखांनी याचे ठराव करून पाठवावेत.

ते पत्रक आम्ही काढून टाकलेले नाही. त्यावर वरचे पाच प्रश्न लिहून चिकटवले आहेत. जो एजंट पाचही उत्तरे सहीनिशी देईल त्याच्याशी आमचे वैर नाही, त्याने खुशाल धंदा करावा. आपल्या शाखेतही हे प्रश्न फळ्यावर लावा. सहलीला जरूर जा. बायको-मुलांना समुद्र दाखवा, बर्फ दाखवा, ते तुमच्या घामाचे आहे. फक्त डोळे झाकून पैसे मोजू नका, आणि शेजारच्यालाही मोजू देऊ नका.

कामगार एकजूट झिंदाबाद!